दुधाचे सुळे

टेबलाखालून आधी कवळीवाल्यांचा आवाज आला, मग त्यांची पाठ दिसली आणि शेवटी गुलाबी मेणाचा ठोकळा हातात उंच धरून ते स्वतः बाहेर आले. मागोमाग बटण आला. बटण म्हणजे कुत्र्याचं सहा-सात महिन्यांचं पिल्लू, मूठभर जीव; पण चोरी करून वर आपणच लुटले गेल्यासारखं तोंड करायचं, ही विद्या तो पोटातूनच शिकून आला होता. ठोकळा समोर राहणाऱ्या बँडमास्तरांच्या नव्या कवळीचा होता. बँडमास्तरांनी त्यावर चावा घेऊन माप द्यायचं, ते राहिलं बाजूला. बटणाने आधीच चावून ठेवला होता.

"घ्या," कवळीवाले म्हणाले. "आता बँडमास्तरांना कुत्र्याचे दात बसवा म्हणजे झालं."

लेक हसली नाही. तिने ठोकळा डाव्या हातात घेतला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "बाबा, ह्याला खाली दोन-दोन सुळे आहेत."

मेणावर जिथे खालच्या सुळ्याचं एक भोक पडायला हवं, तिथे दोन होती, एकमेकांना अगदी खेटून. एक टाचणीने टोचल्यासारखं बारीक. दुसरं त्याच्या आतल्या बाजूला, चांगलं जाड. कवळीवाल्यांनी बटणाला मांडीवर घेतलं आणि त्याचा ओठ अंगठ्याने खाली ओढला. खरंच की. दुधाचा सुळा आपल्या जागी ठाम उभा आणि त्याच्या आतून नवा सुळा वर आलेला. डावीकडेही तसंच, उजवीकडेही तसंच. कवळीवाल्यांची कळी खुलली. वाघालासुद्धा एकेकटा सुळा असतो, आमच्या बटणाला जोड्या आहेत, असं त्यांनी संध्याकाळपर्यंत दुकानात येईल त्याला सांगितलं. टपालवाल्याला तर प्रत्यक्ष दाखवलं.

लेकीचं म्हणणं पडलं की डॉक्टरला दाखवून घेऊ. कवळीवाल्यांनी ते उडवून लावलं. नवा आला की जुना आपोआप पडतो, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं, आणि दातांचं मला कोणी शिकवू नये. हे शेवटचं वाक्य त्यांचं ठरलेलं होतं. ते बोलले की विषय संपला असं घरात सगळे धरून चालत.

आता खरं सांगायचं तर कवळीवाल्यांना दातांमधलं जे कळायचं ते सगळं दात गेल्यानंतरचं. दातांचे डॉक्टर बोळक्या तोंडांची मापं पाठवायचे आणि हे त्यावर कवळी बांधून द्यायचे. उभा जन्म त्यात गेला. काम असं की गावातले निम्मे म्हातारे त्यांच्या जिवावर हसत होते. पण दुधाचा दात म्हणून काही त्यांच्या टेबलावर कधी आलाच नव्हता. तो फक्त त्यांच्या बोलण्यात यायचा, आणि तो लेकीच्या बाबतीत.

कोणी गिऱ्हाईक सहज विचारी, आता मुलगीच करते का हो सगळं? की कवळीवाले कानस खाली न ठेवता म्हणायचे, "छे हो. तिचे अजून दुधाचे दात पडायचेत." गिऱ्हाईक हसायचं, कवळीवाले हसायचे. पूर्वी लेकही हसायची. हे वाक्य बोलायला त्यांनी सुरुवात केली तेव्हा ती कॉलेजातून नुकती बाहेर पडली होती. आता तिच्या कानशिलाजवळ पांढरे केस दिसायला लागले होते, तरी तिचे दुधाचे दात काही पडत नव्हते. मेण वितळव, प्लास्टर ओत, कडा घास, ही तिची कामं. दात मांडायचे ते मात्र बाबांनी. कवळीचा सगळा जीव दात मांडण्यात असतो, आणि ते काम खिडकीजवळच व्हायचं.

दुकानात टेबल एकच, लांबलचक, भिंतीला लावलेलं. डाव्या टोकाला खिडकी आणि खिडकीशी कवळीवाल्यांचं फिरकीचं स्टूल. फिरकी कसली, गंजून ती एका उंचीला कायमची बसली होती आणि ती उंची कवळीवाल्यांची होती. उजव्या टोकाला उंच लोखंडी कपाट. बाप आणि कपाट यांच्या मधल्या फटीत लेक. त्यात ती डावखुरी. तिचं डावं कोपर आणि त्यांचं उजवं कोपर दिवसातून किती वेळा एकमेकांवर आपटायचं याला गणती नव्हती. मग हळूहळू तिने डावा हात बरगडीला चिकटवून, मनगट आत मुरडून, मान उजवीकडे कलती करून काम करायची सवय लावून घेतली. कवळीवाले तिला अधूनमधून मायेनेच टोकायचे, "सरळ बसत जा गं, पोक येईल."

त्या महिन्यात एक गोष्ट घडली होती, आणि घरात तिच्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. दुसऱ्या गावच्या एका मोठ्या लॅबने लेकीला बोलावलं होतं. दात मांडायचं काम, स्वतःचं टेबल. महिनाअखेरीपर्यंत तिने हो की नाही ते कळवायचं होतं. तिने हे सकाळच्या चहाच्या वेळी, कप बशीत ठेवता ठेवता सांगितलं. कवळीवाले म्हणाले की चहात साखर कमी पडली आहे. तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी उठून साखरेचा डबा आणला.

"त्यांना ऐकू सगळं येतं," त्यांची बायको नंतर लेकीला म्हणाली. "नको असेल तेवढं सोडून."

बायकोचंही चुकत नव्हतं. कवळीवाल्यांनी दोन्ही वेळा नीट ऐकलं होतं. लेक गेली तर दुकान सुनं होईल, हेही त्यांना कळत होतं. पण तिला थांब म्हणायचं तर काय देऊन थांबवायचं? द्यायला एकच गोष्ट होती, खिडकीजवळची जागा. आणि ती सुटली की आपण संपलो, मग नुसतं रिकामं बसून दिवस काढायचे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. म्हणून त्यांनी साखरेचा डबा आणला.

बटण घरात आला तोही या जागेपायीच. बाबांना फिरायला सोबत होईल, तेवढाच त्यांचा पाय टेबलापासून सुटेल, असा मायलेकींनी बेत केला होता. कवळीवाल्यांनी तो पहिल्याच दिवशी हाणून पाडला. कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत जाऊन बटणाचं काम उरकलं की दोघेही माघारी. उरलेला दिवस बटण स्टुलाखाली. मायलेकी एकाला बाहेर काढायला गेल्या आणि टेबलाशी दोघे चिकटले.

तर आता बटणाचे सुळे. कवळीवाले रोज सकाळी दुधाचा सुळा बोटाने हलवून बघायचे. तो ढिम्म. मग त्यांनी त्याला चावायला रबराचा तुकडा दिला, कडक पावाची कड दिली, स्वतःची जुनी चप्पल दिली आणि बटणाने नवी घेतली. दर दोन-चार दिवसांनी ते मेण कोमट करून त्याला चावायला देत आणि भोकं निरखत. बटणाला हा खेळ भारी आवडला. मेण दिसलं की तो आपण होऊन जबडा उघडून बसायचा. पण भोकं काही एकाची एक होईनात. उलट आतलं जाड भोक दर वेळी थोडं आणखी आत सरकलेलं दिसायचं. लेक प्रत्येक ठोकळा बघायची, बाबांकडे बघायची आणि तो ठेवून द्यायची.

"येईल वळणावर," कवळीवाले म्हणायचे. "आपोआप."

एका सकाळी बटणाने पावाचा तुकडा तोंडात घेतला, कुंई करून टाकला आणि टेबलाखाली जाऊन बसला. दुसरा दिला, तोही घेईना. मेण दाखवलं तर त्याने तोंड फिरवलं, तेव्हा कवळीवाल्यांचं धाबं दणाणलं. लेकीने त्याचा जबडा हलकेच उघडला. खालचे नवे सुळे इतके आत कलले होते की तोंड मिटलं की त्यांची टोकं वर टाळूत घुसत होती. दोन्ही बाजूंना टाळू लाल झाली होती आणि एकीकडे चक्क खळगा पडून रक्त आलं होतं. पिल्लाला तोंड मिटणंसुद्धा नको झालं होतं आणि तरी ते शेपूट हलवत होतं.

कवळीवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आयुष्यभर लोकांची तोंडं नीट मिटावीत म्हणून ते झटले होते. "चल," एवढंच ते लेकीला म्हणाले, आणि भरल्या सकाळी दुकानाला कुलूप लागलं.

जनावरांची डॉक्टर लेकीच्याच वयाची होती, हसरी. तिने बटणाला टेबलावर उभं केलं, दोन बोटांनी ओठ वर-खाली केले आणि सांगितलं की दुधाचे सुळे काढावे लागतील, आजच. कवळीवाल्यांना भूल हा शब्द ऐकूनच घाम फुटला. एवढुसा जीव, त्याला कसली भूल देता? त्यांनी सुचवलं की आपण दोऱ्याने ओढून बघू, माझा हात हलका आहे. डॉक्टरने मान हलवली. दुधाच्या सुळ्याचं मूळ लांब आणि नाजूक असतं, ओढाताणीत मोडलं तर तुकडा आत राहून पू होईल. मग कवळीवाल्यांनी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. नवा आला की जुना आपोआप पडतो, म्हणाले.

"पडतो ना काका," डॉक्टर म्हणाली. "बहुतेक वेळा पडतो. हा नाही पडला. लहान चणीच्या कुत्र्यांत होतं असं."

"पण मग नवाच वाकडा कसा काय उगवला? मुळात त्याच्यातच काही दोष असेल."

"नवा चांगलाच आहे. त्याच्या जागेवर जुना बसलाय. त्याला सरळ यायला जागाच नाही, म्हणून मिळेल तिकडून वाकडा येतोय बिचारा." तिने बटणाच्या डोक्यावरून हात फिरवला. "आणि त्या जुन्याचीही चूक नाही म्हणा. त्याने इतके दिवस काम केलंय. त्याची वेळ झाली, एवढंच."

बटणाला आत नेलं. कवळीवाल्यांनी घरी फोन करून बायकोला सांगितलं की डॉक्टरीणबाई दात काढणार आहेत. तुम्हाला बघून कोणीही दात काढेल, असं तिकडून उत्तर आलं; पण मागोमाग, झालं की लगेच कळवा हो, असंही आलं, आणि तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता.

बाहेर थांबायच्या खोलीत भिंतीला लावलेला एक लांब बाक होता. उजव्या टोकाला कवळीवाले बसले, लेक बरीच लांब, मधोमध बसली. दुसरं कोणीच नव्हतं. भिंतीवर मांजराचं चित्र होतं, ते बघून झालं. दाराकडे बघून झालं. मग कवळीवाल्यांनी लेकीकडे पाहिलं.

ती फोन बघत होती. डावा हात बरगडीला चिकटलेला, मनगट आत मुरडलेलं, मान उजवीकडे कललेली. तिच्या डावीकडे कोणी नव्हतं. दोन माणसं ऐसपैस बसतील एवढा बाक मोकळा होता. तरी ती अशी बसली होती, जणू शेजारी कोणाचं तरी कोपर आहे.

कवळीवाल्यांच्या ओठांवर सवयीने आलंच होतं, सरळ बस गं. पण त्यांची दातखीळ बसली. इतकी वर्षं ते समजत होते की हिला वाकडं बसायची खोड आहे. गिऱ्हाइकांना हसवायला ते म्हणत होते की हिचे दुधाचे दात पडायचेत. आणि दुधाचा दात कोण, हे त्यांना आज, कुत्र्याच्या दवाखान्यात, मांजराच्या चित्राखाली कळत होतं. त्यांना एकदम भरून आलं. स्वतःचा राग आला, आणि गंमत म्हणजे थोडं हसूही आलं.

"काय झालं बाबा?" लेकीने विचारलं.

"काही नाही. बटणाची काळजी."

ती सरकून त्यांच्याजवळ येऊन बसली, त्यांच्या डाव्या बाजूला. आणि कवळीवाल्यांच्या लक्षात आलं की या बाजूला बसली की कोपराला कोपर लागतच नाही. तिचा डावा हात तिकडे मोकळा, यांचा उजवा इकडे मोकळा. नुसती अदलाबदल. हे इतक्या वर्षांत सुचलं नाही म्हणजे आपल्या अकलेचे दात तरी कधी आले होते की नाही, अशी त्यांना शंका आली.

बटण झिंगत बाहेर आला. एक डोळा उघडा, एक मिटलेला, जीभ एका बाजूने बाहेर. लेकीने त्याला शालीत गुंडाळलं. डॉक्टरने कागदाच्या पुडीत दोन दुधाचे सुळे दिले. कवळीवाले बघतच राहिले. वर दिसत होता तो दात म्हणजे जेमतेम तांदळाचा दाणा, आणि खाली त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब, कमानदार मूळ.

"एवढं आत होतं?"

"दुधाचा दात असाच असतो काका. घट्ट धरून बसतो."

नवा आता सरळ होईल का, असं त्यांनी विचारलं, आणि विचारताना ते नक्की कोणाबद्दल विचारत होते देव जाणे. डॉक्टर म्हणाली की जागा मिळाली आहे, वेळेत मिळाली आहे, येईल आपला आपण. पुढच्या आठवड्यात बघून घेऊ.

दुसऱ्या दिवशी लेक दुकानात आली तेव्हा कवळीवाले आधीच येऊन जमिनीवर मांडी ठोकून बसले होते. स्टूल आडवं पडलं होतं आणि ते फिरकीत तेल सोडून ती फिरवायला बघत होते. बटण तेल चाटायच्या तयारीत होता. फिरकी किंचाळली, अडली, परत किंचाळली आणि शेवटी सुटली. कवळीवाल्यांनी स्टूल उभं केलं, खिडकीशी ठेवलं आणि स्वतःची उशी काढून कपाटाकडच्या साध्या स्टुलावर टाकली.

"उंची तुझी तू लाव," ते म्हणाले.

लेक दारातच उभी राहिली. तिने विचारलं की हे काय आहे.

"राहा म्हणत नाही मी," कवळीवाले तेलाचे हात पुसत म्हणाले. हे त्यांनी रात्रभर घोकलं होतं. "तुला जायचं तर जा. पण काय तो विचार सरळ बसून कर. आजवर तुला सरळ बसू दिलं नाही, ते माझं चुकलं."

लेक स्टुलावर बसली, फिरकी दोन वेढे वर घेतली, एक वेढा खाली. डावा हात टेबलावर ठेवला. तो कुठेच लागला नाही. तिने कोपर थोडं बाहेर केलं, मग आणखी थोडं, आणि तिथेच ठेवून तिने खिडकीबाहेर बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती पाठमोरी असल्यामुळे कवळीवाल्यांना ते दिसलं नाही. बटणाला दिसलं, तो तिच्या मांडीवर चढू बघत होता.

महिनाअखेरीला लॅबचा फोन आला तेव्हा तिच्या डाव्या हातात सुरी होती आणि समोर मेणात बँडमास्तरांचे पुढचे दात अर्धे मांडून झाले होते. फोन खांद्यात धरून ती म्हणाली, "नाही हो, इथेच जागा झालीय." कवळीवाल्यांनी पॉलिशचं यंत्र बंद केलं नव्हतं, तरी त्यांना हे स्वच्छ ऐकू आलं.

बँडमास्तर कवळी न्यायला आले ते ट्रम्पेट काखेत मारूनच. दात बसवून त्यांनी ओठ मुडपले, जीभ फिरवली, आरशात पाहिलं. मग ते शाबासकी देऊ लागले, तेव्हा कवळीवाल्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं.

"तिने मांडलेत."

"असं?" बँडमास्तर म्हणाले. "म्हणजे पडले वाटतं हिचे दुधाचे दात?"

"तिचे कधीच पडलेले. राहिलेला दात मी होतो."

बँडमास्तरांना विनोद कळला नाही, पण हसायची सोय झाली होती म्हणून ते नव्या दातांनी भरपूर हसले. मग त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावलं आणि एकच सूर काढला, लांब, भरदार, कुठेही शिट्टी न फुटता. बटणाने मान मागे टाकली आणि त्या सुराला आपला सूर लावला. त्याचं उघडं तोंड सगळ्यांना दिसलं. खालचे दोन सुळे आपापल्या जागी उभे होते. थोडे आतल्या अंगाला होते अजून, पण वळणावर येत होते.

लेक हात पसरून पुढच्या मापाकडे वळली. पाठ ताठ, मान सरळ. कवळीवाल्यांनी मांडीवरचे प्लास्टरचे कण झटकले, कपाटाला लागत असलेलं उजवं कोपर जरा आत घेतलं आणि हातातली कड घासायला लागले.